ठाणेदाराच्या मेजापर्यंत

देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात मोडते. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या मार्चमध्ये, भावाच्या तक्रारीवरून तेथील पोलीस ठाण्यात आणलेल्या कोवळ्या वयाच्या एका अनाथ मजूर मुलीवर ठाण्याच्याच आवारात पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर जखमांच्या खुणा नाहीत या गोष्टीस मोठे महत्त्व देऊन, त्यांना पुन्हा निर्दोष ठरविले. पुढील वर्षी चार विधिशिक्षकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले, स्त्रियांची आंदोलने झाली, आणि १९८३ साली कायदा बदलणे सरकारला भाग पडले. विवाहितेच्या छळाचे ४९८-अ हे कलमही त्याच वर्षीचे.

यानंतर कायद्यांची वाण पडली असे कोणी म्हणणार नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे. संरक्षण अधिकारी आहेत. गुन्हा कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो, फिर्याद घेतलीच पाहिजे, हे आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेतच लिहिलेले आहे. २०२१ साली आपल्या विधिमंडळाने फाशीची तरतूद असलेले शक्ती विधेयकही मोठ्या उत्साहाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती त्यास लाभली नाही, ही गोष्ट निराळी. मोठी शिक्षा जाहीर करण्यास खर्च लागत नाही, म्हणून ती सर्वच सरकारांना प्रिय असते.

प्रश्न आहे तो पहिल्या पायरीचा. आर्णी तालुक्यातील एखाद्या खेड्यातून मार खाल्लेली बाई पोर काखेत घेऊन, एस.टी.चे भाडे उसने घेऊन ठाण्यात येते, तेव्हा तिच्यापुढे कायदा उभा नसतो; मेजापलीकडचा अंमलदार उभा असतो. "घरचे भांडण आहे, समजुतीने घ्या," हा उपदेश आणि अदखलपात्र नोंदीचा कागद एवढ्यावर तिची बोळवण होऊ शकते. छळाचा गुन्हा, पीडितेने वा तिच्या नातलगाने तक्रार दिली की दखलपात्र ठरतो, हे तिला कोणी सांगितलेले नसते. सायंकाळी ती त्याच घरी परतते, आणि ठाण्यात जाऊन आल्याचा जाब तिला तेथे द्यावा लागतो.

येथे कायद्यातच एक भोक आहे, आणि त्याची चर्चा आमच्या मते फारच थोडी होते. निर्भया प्रकरणानंतर २०१३ साली, बलात्कारासारख्या गुन्ह्यांची फिर्याद न नोंदविणाऱ्या लोकसेवकास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची शिक्षा ठरविण्यात आली. न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये ती आजही आहे. (तरतूद असूनही २०२४ साली बदलापूरच्या चिमुकल्यांची फिर्याद घेण्यास विलंब झाला, आणि उच्च न्यायालयाने पोलिसांना खडसावले.) परंतु त्या कलमातील गुन्ह्यांच्या यादीत पतीकडून होणाऱ्या छळाचे कलम, म्हणजे आताचे ८५, नाही. परक्याने केलेल्या अत्याचाराची फिर्याद नाकारली तर अंमलदार तुरुंगात जाऊ शकतो. नवऱ्याच्या छळाची नाकारली तर या कलमाचा त्याला धाक नाही. संसदेने ही यादी वाढवावी. खोट्या तक्रारींचा बागुलबुवा यावर लगेच उभा केला जाईल. पण तक्रार खोटी की खरी हे तपासाने ठरते, आणि तपास नोंदीनंतरच सुरू होतो.

यवतमाळच्या पोलीस अधीक्षकांना मात्र संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. छळाची तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदविणाऱ्या प्रत्येक ठाणेदाराने, आर्णीच्याही, चोवीस तासांत लेखी कारण कळवावे, असा हुकूम ते उद्या सकाळी काढू शकतात.