आच्छादनाचा हिशेब

स्ट्रॉबेरीचे फळ जमिनीलगत येते, त्याला टणक साल नसते आणि एकदा माती लागली की ते धुऊन पूर्ववत होत नाही. ओल्या मातीला टेकलेल्या फळावर करडी बुरशी चढते व बाजारात पोचण्यापूर्वीच त्याचे मोल संपते. फळ आणि माती यांच्यामध्ये काही अंथरणे ही म्हणूनच या पिकाची चैन नव्हे, गरज आहे. मात्र काय अंथरावे, हा प्रश्न एकट्या बागायतदाराचा राहिलेला नाही.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्या परिसरातील गादीवाफ्यांवर आज सर्रास मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद दिसतो. त्याची बाजू लंगडी नाही. तण दबते, ओल टिकते, खालून ठिबकची नळी जाते आणि निंदणीची मजुरी वाचते. पण अवकाळी पावसाचे पाणी कागदाच्या खळग्यात साचले, तर फळ त्यातच भिजत पडते. भाताचा पेंढा किंवा गव्हाचे काड यांतून पाणी खाली झिरपते, फळाखाली हवा खेळती राहते आणि हंगाम संपल्यावर ते मातीतच कुजते. अर्थात काडाबरोबर तणाचे बी येते, गोगलगाईंना व उंदरांना आसरा मिळतो आणि थर विरळ झाला की पुन्हा भर घालावी लागते. शिवाय पेंढा ही जनावरांची वैरणही आहे.

शेताच्या बांधापुरता हिशेब केला तर प्लास्टिक जिंकते. पण तो हिशेब अपुरा आहे. २५ मायक्रॉन जाडीच्या कागदाचे वजन चौरस मीटरला सुमारे २३ ग्रॅम भरते. एकरातील निम्मी जमीन झाकली, तरी सुमारे ४६ किलो प्लास्टिक शेतात जाते. हंगामाअखेर फाटलेला, मातीने माखलेला हा कागद गोळा करण्याची मजुरी कोणी द्यायची? कोणीच देत नसेल, तर तो बांधावर जळतो वा नांगराखाली तुकडे होऊन मातीत मिसळतो. खर्च नाहीसा होत नाही. तो फक्त पुढच्या पिढीच्या माथी जातो.

या निवडीत शासनही तटस्थ राहिलेले नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून निम्मे अनुदान ठरवले गेले. त्या घटकाचे नावच ‘प्लास्टिक आच्छादन’ होते. मदत कशाला, हे नावातच ठरले. उत्पादकांवर प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी टाकणारी फेब्रुवारी २०२२ ची नियमावली वेष्टनांपुरती आहे. शेतातला कागद वेष्टन नव्हे. चीनने २०१८ पासून अशा कागदाची किमान जाडी वाढवली, कारण अतिपातळ कागद उचलताना हातातच फाटतो. एवढी साधी गोष्ट धोरणात आणण्यास फार मोठे शास्त्र लागत नाही.

दुसरीकडे, खंबाटकी घाटाच्या अलीकडे खंडाळा तालुक्यात चित्र वेगळे आहे. धोम-बलकवडीसारख्या प्रकल्पांचे पाणी आले, तसा या अवर्षणप्रवण भागात ऊसही आला. उसाच्या एकरातून तीन ते चार टन पाचट निघते आणि अनेक ठिकाणी ते पेटवले जाते. घाटाच्या एका बाजूला आच्छादन जाळायचे आणि दुसऱ्या बाजूला आच्छादन विकत घ्यायचे, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कोणत्या नियमात बसतो? पाचट आधी उसाच्याच सरीत राहावे, हे योग्यच. पण जे जळणारच आहे, त्याचा विचार व्हायला हवा. पाचटाची पाने धारदार असतात, ती बारीक करावी लागतील. ते हलके पण जागा खाणारे असल्याने गठ्ठे बांधल्याशिवाय खंबाटकी व पसरणी हे दोन घाट चढवणे परवडणार नाही. नेमके येथेच सार्वजनिक पैशाचे काम आहे.

प्लास्टिकवर सरसकट बंदी हा उपाय नव्हे; तिचा भार लहान शेतकऱ्यावरच पडेल. काड व पाचट वापरणाऱ्यालाही प्लास्टिकइतकेच साहाय्य मिळावे. प्लास्टिकचे अनुदान पुरेशा जाडीच्या कागदालाच मिळावे आणि त्याचा काही भाग वापरलेला कागद परत केल्यावरच हाती पडावा. तो गोळा करण्याची व्यवस्था ग्रामपंचायती वा सहकारी संस्थांनी उभारावी. मग शेतकरी जे निवडेल, ते त्याला खऱ्या किमतीला पडेल. फळ स्वच्छ राहावे, ही ग्राहकाची अपेक्षा रास्त आहे. पण त्यासाठी मातीच अस्वच्छ होत असेल, तर तो सौदा स्वस्त म्हणता येणार नाही.