लोकल.कॉन्फ म्हणजे घरचा माळा नव्हे!

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचंय. योक्टोवर काम करणाऱ्या टीममध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं, "अरे, लोकल.कॉन्फमध्ये टाक ना, होऊन जाईल." पॅकेज हवंय? लोकल.कॉन्फ. कर्नलचं व्हर्जन बदलायचंय? लोकल.कॉन्फ. कुठे ठेवायचं कळत नाही ते माळ्यावर फेकतात ना, तस्सं. आणि मग रिलीजच्या आदल्या रात्री माळा उपसायचा.

माझं म्हणणं सरळ आहे. जिच्याशिवाय तुमचं प्रॉडक्ट तयारच होत नाही, ती ओळ लोकल.कॉन्फमध्ये असता कामा नये. ही फाइल बिल्ड डिरेक्टरीत राहते, सहसा गिटमध्ये जातही नाही. तिच्यात तुमच्या पीसीपुरत्या गोष्टी ठेवा: डाउनलोड कुठे साठवायचे, एसस्टेटची डिरेक्टरी कुठली, किती थ्रेड चालवायचे. बोर्डाची माहिती मशीनच्या फाइलमध्ये, धोरण डिस्ट्रोच्या फाइलमध्ये, पॅकेजांची यादी इमेजच्या रेसिपीत. लेअर त्यासाठीच असतात हो!

यावर लाडकं उत्तर येतं, "लोकल.कॉन्फ सगळ्यात शेवटी वाचली जाते, म्हणून तीच जिंकते." कोणी सांगितलं? बिटबेक.कॉन्फ उघडा आणि इन्क्लूडच्या ओळी बघा. आधी लोकल.कॉन्फ, मग मशीन, त्यानंतर डिस्ट्रो. म्हणजे दोन्हीकडे साधं = असेल तर डिस्ट्रोचं मूल्य टिकतं. तुमचं चालतं ते डिस्ट्रोवाल्याने सौजन्याने ?= लिहिलेलं असतं म्हणून. ?= म्हणजे "आधी कोणी काही दिलं नसेल तरच माझं घ्या". ??= त्याहून गरीब. सगळं वाचून झाल्यावरही व्हेरिएबल मोकळंच राहिलं, तरच त्याची आठवण काढली जाते.

आता गंमत बघा. कोअर-इमेजचा क्लास इमेज_इन्स्टॉलला आपली यादी ?= ने देतो. तुम्ही लोकल.कॉन्फमध्ये += करून एक पॅकेज "वाढवलं". झालं! व्हेरिएबलला मूल्य आधीच मिळालं, त्यामुळे क्लासची यादी गपचूप बाद. इमेजमध्ये तुमचं लाडकं पॅकेज आहे, पण बूटला लागणारी मंडळी गायब. एरर नाही, वॉर्निंग नाही. मग म्हणे योक्टो भंगार आहे. :अपेंड वापरलं तर ते सगळ्यात शेवटी जोडलं जातं, म्हणून चालतं. पण तिथे अवतरणानंतरची स्पेस तुम्हीच द्यायची, नाहीतर दोन पॅकेजांची नावं चिकटून तिसरंच काहीतरी जन्माला येतं.

ऑक्टोबर २०२१ मध्ये ३.४ (हॉनिस्टर) आलं आणि ओव्हरराइडसाठी अंडरस्कोअर जाऊन कोलन आला. जुना _अपेंड दिसला तर बिटबेक थांबतो तरी. पण व्हेरिएबलच्या शेपटीला अंडरस्कोअर लावून मशीनचं नाव जोडलेलं असेल, तर नव्या बिटबेकला ते निव्वळ वेगळ्या नावाचं व्हेरिएबल वाटतं. तो ते वाचतो आणि विसरतो. जुन्या लोकल.कॉन्फची ओळ कॉपी-पेस्ट करणाऱ्यांनी हे कोरून ठेवावं.

"चालतंय ना, मग कशाला ताप?" असं म्हणणाऱ्यांसाठी एक नमुना. योक्टोच्या नमुना लोकल.कॉन्फमध्ये वर्षानुवर्षं 'डीबग-ट्वीक्स' चालू असायचं. त्याचा अर्थ, रूटला पासवर्ड नाही. डेव्हलपमेंटला सोयीचं, कबूल. पण फाइल जशीच्या तशी रिलीज बिल्डला वापरली की काय होतं? एका क्लायंटच्या (नाव नको) फील्डमधून परत आलेल्या गेटवेला सीरियल केबल लावली, 'रूट' टाइप केलं, आणि पासवर्ड न विचारता आत! कोणी ठरवून केलेलं नव्हतं. कोणी वाचलंच नव्हतं. २०२५ च्या ५.२ (वॉलनास्कार) मध्ये योक्टोवाल्यांनी ते नावच काढून टाकलं. त्याच्या पोटात दडलेल्या गोष्टी आता एकेक करून नावानिशी लिहाव्या लागतात. ५.० (स्कार्थगॅप) वर असाल तर मात्र ते तुमच्याकडे अजून आहे. सोमवारी जाऊन बघा.

राग ज्युनियर पोरांवर नाहीये. त्यांना "टाक ना" म्हणणाऱ्या सिनियरांवर आहे, ज्यांनी स्वतः 'बिटबेक -ई' चा आउटपुट कधी नीट वाचलेला नाही. (बिल्डरूटमध्ये एकच .कॉन्फिग असते, म्हणून तिकडे जाऊ म्हणणारेही आहेत. जरूर जा, छोट्या प्रॉडक्टला ते बरंच आहे. पण न वाचण्याची सवय सोबत नेऊ नका.)

आणि वाचायला फार लागत नाही हो. 'बिटबेक-गेटव्हार -आर', पुढे इमेजचं नाव, पुढे इमेज_इन्स्टॉल. एंटर. कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीने काय केलं, कोणाचं मूल्य टिकलं, सगळा इतिहास समोर. पुढच्या वेळी कोणी "लोकल.कॉन्फमध्ये टाक" म्हणालं की आधी त्यालाच ही कमांड चालवायला सांगा.