जॅक जॉन्सनचा किताब कुणी हिरावला?

‘गुणवत्ता असेल तर कुणीच अडवू शकत नाही’ हे वाक्य आपल्या पोरांना उठसूट ऐकवलं जातं. ऐकवणाऱ्यांनी एकदा जॅक जॉन्सनची कारकीर्द वाचावी. बॉक्सिंगमध्ये ना वशिला, ना तोंडी परीक्षेचे गुण. समोरचा पडला की पडला. तरीही काय झालं?

जॉन्सनचा जन्म १८७८ चा, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचा. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. हलक्या वजनगटांत काळ्या बॉक्सरांनी किताब मिळवले होते. हेवीवेटचा जगज्जेता मात्र गोराच हवा होता. जिम जेफ्रिजने जॉन्सनशी लढायला नकार दिला आणि १९०५ मध्ये ‘अपराजित’ म्हणून निवृत्त झाला. (स्पर्धाच होऊ न देता अव्वल राहायची ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.) पुढे किताब टॉमी बर्न्सकडे आला. जॉन्सन त्याचा पाठलाग करत इंग्लंडला, मग ऑस्ट्रेलियाला गेला. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत लढत झाली. बर्न्सला सुमारे ३० हजार डॉलर, जॉन्सनला सुमारे ५ हजार. चौदाव्या फेरीत बर्न्सचे हाल बघून पोलिसांनीच लढत थांबवली.

मग जेफ्रिजला निवृत्तीतून ओढून आणलं. ४ जुलै १९१० ला रेनोमध्ये पंधराव्या फेरीत तोही हरला. त्या रात्री अनेक शहरांत गोऱ्या जमावांनी काळ्यांवर हल्ले केले, माणसं मेली. १९१२ मध्ये तर बॉक्सिंगच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावरच कायद्याने बंदी आली.

रिंगणात जमेना, तेव्हा कोर्ट आलं. स्त्रियांची अनैतिक हेतूने वाहतूक रोखण्यासाठीचा मॅन कायदा जॉन्सनवर लावला गेला, कारण त्याच्या सोबतिणी गोऱ्या होत्या. १९१३ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्युरीने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा एक वर्ष एक दिवस. जूनमध्ये तो देश सोडून पळाला. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरले. अमेरिका तेव्हा अशी होती.

५ एप्रिल १९१५ ला हवानात, सव्विसाव्या फेरीत, जेस विलार्डने त्याला पाडलं. आपण मुद्दाम हरलो, असं जॉन्सन नंतर सांगायचा. मला ते पटत नाही. ३७ वर्षांचा, परागंदा झालेला माणूस तळपत्या उन्हात २६ फेऱ्या लढला आणि थकून हरला.

‘थोडं नम्र राहायला हवं होतं’ असं त्याला तेव्हाही सुनावलं गेलं, बुकर टी. वॉशिंग्टननेही सुनावलं. माझा आक्षेप वेगळा आहे. किताब हाती आल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्ड, जो जीनेट या तगड्या काळ्या बॉक्सरांना संधी दिली नाही, कारण पैसा गोऱ्यांशी लढण्यात होता. आपल्यातून वर गेलेल्यांनी हे जरूर वाचावं.

विलार्डनंतर काळ्या माणसाला हेवीवेटच्या किताबासाठी लढायला मिळालं ते थेट १९३७ मध्ये, जो लुईला. त्याच्या व्यवस्थापकांनी त्याला आधीच बजावलं होतं: गोऱ्या बाईसोबत फोटो काढायचा नाही, पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे बघून हसायचं नाही.