पाळी कारखान्याची, पाळणा कुणाचा?

पहाट फुटते न फुटते तोच कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाकींची आणि कंपन्यांच्या बसगाड्यांची रीघ लागते. कागल, कसबा सांगाव, हुपरी आणि सीमेपलीकडील निपाणी परिसरातील माणसे वस्त्रोद्योगाच्या, ओतकामाच्या, वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांकडे निघालेली असतात. या गर्दीत स्त्रियाही असतात. घराबाहेर पडण्यापूर्वी त्यांतील कित्येकींनी दोन वेळच्या भाकरी थापलेल्या असतात आणि झोपेतले लेकरू सासूच्या किंवा शेजारणीच्या हवाली केलेले असते. नवरा तिसऱ्या पाळीला असेल, तर तो परततो तेव्हा ती निघालेली असते. एकाच घरातील दोघे आठवडा-आठवडा केवळ उंबऱ्यावर भेटतात. दोघेही मिळवते म्हणून अशा कुटुंबाकडे कौतुकाने पाहिले जाते. त्या मिळकतीसाठी घराने काय मोजले, याचा हिशेब मात्र कोणत्याही ताळेबंदात नसतो.

बाई कामाला लागली म्हणून हा प्रश्न उद्भवला, असे मानणारे आजही पुष्कळ आहेत. त्यांनी वसाहतीला लागून असलेल्या हुपरीकडे पाहावे. चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात तो धंदा घराघरांतून वाढला आणि त्यात स्त्रियांचे हात सतत राबत आले. निपाणी भागात विड्या वळणाऱ्या मायमाऊल्यांनीही संसार सांभाळला तो स्वतःच्या कष्टांवरच. त्या जीवनाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तंबाखूची भुकटी आणि लहान मूल एकाच खोलीत असणे हे काही सुखाचे चित्र नव्हे. परंतु काम आणि घर एका छपराखाली होते आणि कामाची वेळ घराच्या गरजेनुसार मागे-पुढे सरकत होती. कारखान्याने ही सोय हिरावून घेतली. मूल तापाने फणफणले म्हणून भोंगा थांबत नाही. बाई पूर्वीही कष्टतच होती. बदलला तो कामाच्या वेळेचा धनी.

यावर दोन टोकांची उत्तरे दिली जातात. स्त्रीने नोकरी सोडून घर सांभाळावे, हे एक. घराचे हप्ते, शाळेची फी आणि तिने कमावलेले कौशल्य यांचा विचार त्यात नाही. कुटुंब हीच बेडी आहे, ती तोडावी, हे दुसरे. ज्या समाजाने व्यक्तीऐवजी कुटुंबाला समाजजीवनाचा मूळ घटक मानले, त्याला हे मानवणारे नाही. पण कुटुंबाची थोरवी सांगणाऱ्यांनी त्याचा भार कोण वाहते, तेही पाहिले पाहिजे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात. घरकामाला हात लावणारे पुरुष ८८ मिनिटे. ही तफावत आपल्या स्वयंपाकघरातील आहे, तिचे खापर पाश्चात्त्य चंगळवादावर फोडता येणार नाही.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. १९४८ च्या कारखाने कायद्यात तीसहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. आधी केवळ स्त्रियांची शिरगणती होत असे, आता सर्व कर्मचाऱ्यांची होते, हा बदल स्वागतार्ह आहे. तरीही दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाऊन येण्याचा हक्क केवळ आईला आहे. बापाला अपत्य असते, हे कायद्याला अद्याप पुरते उमगलेले नाही. कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळीची मुभा महाराष्ट्राने २०१५ मध्ये दिली. ती योग्यच होती. पण आई रात्री यंत्रावर उभी असताना तिचे मूल कुठे निजणार, हा प्रश्न घरावरच सोडला गेला.

ज्या लहान कारखान्यात ५० माणसे नाहीत, त्याने काय करावे? याचे उत्तर कायद्यातच आहे. पाळणाघर स्वतंत्र असावे किंवा सामायिक सुविधेतून चालवावे, अशी मोकळीक त्यात आहे. औद्योगिक वसाहत ही कल्पनाच मुळी सामायिकतेवर उभी आहे. रस्ते, पाणी, वीज सर्वांनी मिळून वापरायची, तर मग पाळणाघर का नको? पाळीच्या वेळांना जुळणारे, कंत्राटी कामगारांच्या मुलांनाही दार उघडे असणारे एखादे सामायिक पाळणाघर वसाहतीतील उद्योजकांनी एकत्र येऊन उभारणे अशक्य नाही.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, ती कारखान्याबरोबर कामगारांची घरे उभी करून. दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय मजदूर संघाने वर्गसंघर्षाऐवजी औद्योगिक कुटुंबाची कल्पना मांडली. उद्योग हे कुटुंब असेल, तर कामगाराचे लेकरू त्या कुटुंबाबाहेरचे कसे ठरेल? पती-पत्नी एकाच वसाहतीत कामाला असतील, तर त्यांच्या पाळ्या आणि साप्ताहिक सुट्ट्या जुळवून देण्यास भांडवल लागत नाही, थोडी आस्था लागते.

कुटुंब प्रबोधनाचे काम करणाऱ्यांनीही हा विषय हाती घ्यावा. आठवड्यातून एकदा सर्वांनी एकत्र जेवावे, असे आपण सांगतो. पण आई पहिल्या पाळीला आणि बाप तिसऱ्या पाळीला असेल, तर एकत्र जेवायचे कधी? गावातील निवृत्त शिक्षक, सेवाभावी भगिनी, अंगणवाडीशी जोडलेली माणसे यांनी शाळा सुटल्यापासून पाळी सुटेपर्यंतची मुलांची वेळ सांभाळली, तर तीही राष्ट्रसेवाच होय. आणि घरच्या कर्त्या पुरुषाने तव्यावरची भाकरी उलटली म्हणून त्याचे पौरुष उणे होत नाही. बापाला चुलीपाशी पाहणारा मुलगा जे शिकतो, ते कोणत्याही संस्कारवर्गात शिकवता येत नाही.

वसाहतीला 'पंचतारांकित' हे बिरुद तिच्या सुविधांमुळे मिळाले. त्या सुविधांत लेकरासाठी एक पाळणा असेल, तरच ते बिरुद शोभून दिसेल.