मुंगी-शेवगावचा तह आणि कमाविसदाराची कचेरी

पालखेडची लढाई इतिहासप्रेमी तरुणांना तोंडपाठ असते. बाजीरावांचे वेगवान घोडदळ, मागे पडलेला तोफखाना, पाण्यावाचून कोंडलेला निजाम, हे सारे असंख्य वेळा सांगून झाले आहे. त्या लढाईनंतर 6 मार्च 1728 रोजी आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, शेवगाव तालुक्यातील गोदाकाठच्या मुंगी येथे तह झाला. त्याची कलमे मात्र फारशी कोणी वाचत नाही. वाचली तर ध्यानात येते, की भांडणाच्या मुळाशी वसुलीची कचेरी होती.

1719 मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून बादशाही सनदा घेऊन परतले. दक्षिणेच्या सहा सुभ्यांत चौथाई, म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, आणि त्यावर एक दशांश सरदेशमुखी वसूल करण्याचा हक्क शाहू महाराजांना मिळाला. मोबदल्यात चौथाईसाठी 15,000 फौज बादशहाच्या दिमतीस ठेवायची आणि सरदेशमुखीसाठी मुलखात चोरी-दरोड्याचा बंदोबस्त करायचा. सार्वभौम सत्ता दिल्लीची, मुख्य महसूल मोगल अंमलदाराचा, आणि त्यातला नेमून दिलेला भाग गोळा करणारी यंत्रणा साताऱ्याची, अशी ही दुअमली होती. नगर औरंगाबाद सुभ्यात मोडे. किल्ल्यावर मोगलांचा, पुढे निजामाचा किल्लेदार आणि भोवतालच्या मुलखात शाहूंचा कमाविसदार, असा दुहेरी अंमल येथल्या गावांनी अनुभवला.

आलेल्या चौथाईची वाटणीही पाहण्याजोगी आहे. शेकडा 25 राजबाबती छत्रपतींची, शेकडा 6 साहोत्रा पंत सचिवांचा, शेकडा 3 नाडगौडा छत्रपतींच्या मर्जीने द्यायचा आणि उरलेला शेकडा 66 ऐन मोकासा सरदारांच्या फौजखर्चाला. एकाच गावाच्या उत्पन्नात इतके वाटेकरी असले, की हिशेबाशिवाय कोणाचेच चालत नाही. या गुंतागुंतीतून कारकुनांचे वर्चस्व वाढले, असे ग्रँट डफने म्हटले आहे. त्याच्या लेखनात पूर्वग्रह पुष्कळ आहेत, पण हे निरीक्षण टाकून देण्यासारखे नाही.

खरी मेख आकारणीत होती. मागणी चालू वर्षाच्या प्रत्यक्ष वसुलीवर नसे, जुन्या तनख्यावर असे. हा तनखा तोडरमल आणि मलिक अंबर यांच्या काळात ठरलेला, मुलूख नांदता असतानाचा. औरंगजेबाच्या पाव शतकाच्या मोहिमांनी उजाड झालेल्या प्रदेशातून तेवढे उत्पन्न निघणे शक्यच नव्हते. त्यामुळे कागदावरची चौथाई प्रत्यक्षात चौथ्या हिश्श्याहून जड पडे आणि बाकी कधीच फिटत नसे. न फिटलेली बाकी म्हणजे पुन्हा फौज घेऊन येण्याचे कायमचे निमित्त.

निजामुल्मुल्काने हे अचूक ओळखले होते. हैदराबादच्या चौथाईबद्दल रोख रक्कम घ्यावी आणि तिथले कमाविसदार उठवावे, असा प्रस्ताव त्याने मांडला. श्रीपतराव प्रतिनिधी अनुकूल होते, बाजीराव विरोधात. प्रश्न केवळ पैशाचा असता, तर विनात्रास हाती येणारी रक्कम नाकारण्याचे कारण नव्हते. पण रोख रक्कम ही खंडणी ठरते. गावोगावी बसलेला कमाविसदार हा अंमल ठरतो. 1727 मध्ये निजामाने कोल्हापूरच्या संभाजी महाराजांचा दावा पुढे करून शाहूंची वसुलीच अडवली आणि लढाई अटळ झाली. मुंगीच्या तहात शाहूंचा हक्क मान्य झाला, काढलेले कमाविसदार पुन्हा बसले आणि थकबाकी देण्याचे ठरले.

चौथाई म्हणजे निव्वळ लूट, की स्वराज्यविस्ताराचे साधन, हा वाद समाजमाध्यमांवर अखंड चालतो. दोन्ही पक्ष सनद आणि तनखा बाजूला ठेवून बोलतात. सनदेमुळे ती लूट राहिली नाही, हे खरे. परंतु तनख्याच्या त्या हिशेबामुळे रयतेवर दोन सरकारांचे ओझे आले, हेही तितकेच खरे. बाजीरावांचे शौर्य त्याने उणावत नाही. पाटलाच्या दारी एकाच हंगामात दोन कचेऱ्यांचे कारकून का येत, याचा उलगडा मात्र होतो.

नगरपुरती ही दुअमली आणखी तीन दशके चालली. 1759 मध्ये किल्लेदार कवी जंगाने किल्ला पेशव्यांच्या स्वाधीन केला, पुढल्या वर्षी उदगीरच्या तहाने तो ताबा पक्का झाला, आणि चौथ्या हिश्श्याचे वसूलदार तेथे पूर्ण महसुलाचे धनी झाले.