विमान जवळ, विमानतळ लांब

मैत्रिणींनो, सोनगीरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. लेक हैदराबादला, दिवस भरत आलेले. दोघांनी जळगावहून विमानाने जायचं ठरवलंय, पण परतीचं तिकीट ओझरचं स्वस्त पडतं. ‘हे म्हणतात, घेऊन टाकू. दोन्ही विमानतळ आपलेच ना?’ असं त्या विचारतात.

ताई, आधी वही-पेन्सिल घ्या. जळगाव ते ओझर सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटर. आकाशातलं विमान ते अर्ध्या तासात कापेल. रस्त्याने मात्र पारोळा, धुळे, मालेगाव, चांदवड करत तेच अंतर 240च्या घरात जातं आणि साडेचार-पाच तास खातं. तुमची मोटार उभी जळगावला आणि तुम्ही उतरलात ओझरला, मग ती आणायला कोण जाणार? भाड्याची गाडी केलीत तर वाचलेले पैसे तिथेच संपले!

तसं ओझर वाईट नाही हं. मिग विमानांच्या कारखान्यापासून तिथलं नाव सगळ्यांना ठाऊक. सोनगीरहून आग्रा रोडने सरळ 155-160 किलोमीटर, तीन-सव्वातीन तास. राहुड घाटात ट्रक अडकले किंवा पिंपळगावला टोमॅटोच्या गाड्यांची रांग लागली, तर चारही. जळगाव धुळ्यावरून 115च्या आसपास, अडीच तास. पण विमानतळ कुसुंब्याला, म्हणजे शहराच्या पलीकडे, तेव्हा अजिंठा चौफुलीवरच्या गर्दीचा वेळ धरा. (धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी आहे, पण तिथून प्रवासी विमान सुटत नाही. नाहीतर अर्ध्या तासाचं काम होतं!)

तिकिटावर दीड तास लिहिलेला असतो, तो फक्त विमानाचा. समजा, विमान अकराचं आहे. सामान घेण्याची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून नऊला पोहोचायचं. म्हणजे घर सोडायचं साडेसहाला. साडेबाराला उतरून, बॅग घेऊन, शमशाबादहून शहरात लेकीच्या दारी जाईपर्यंत अडीच. ओट्यापासून उंबरठ्यापर्यंत आठ तास झाले!

माझं मत विचाराल, तर बाळंतपणाच्या प्रवासाला जाणं-येणं एकाच विमानतळावरून ठेवा, आणि तो जळगावचा. फक्त डॉक्टरांनी दिलेल्या तारखेच्या आदल्या दिवशी निघू नका. जळगावची प्रवासी सेवा डिसेंबर 2017मध्ये सुरू झाली, मध्ये बंद पडली, पुन्हा सुरू झाली. लहान गावाचं विमान रद्द झालं की त्याच दिवशी दुसरं मिळेलच असं नाही. शिवाय मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वेळापत्रकं बदलतात. जुन्या वेळेवर विसंबू नका, आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा.

आता सामान. बहुतेक ठिकाणी माणशी 15 किलो आणि हातात 7. सोनगीरचा तांब्याचा हंडा नातवासाठी न्यायचा मोह होईल, पण तो नंतर कुणाबरोबर तरी पाठवा. डिंकाचे लाडू खुशाल न्या. मात्र सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ देत नाहीत, तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतात. खोबरं घरीच लाडवांत वळून टाका. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत नको.

आणि परतताना कुणी न्यायला येणार असेल, तर त्याला विमान उतरण्याची नव्हे, बॅग हातात पडण्याची वेळ सांगा. अर्धा तास पुढची.