उत्तर बरोबर, पण कशावरून?

सातवीत असताना मी वर्गात विचारले होते, ‘‘सर, सगळ्यांत मोठी मूळ संख्या कोणती?’’ उत्तर आले, ‘‘परीक्षेला नाही ते. बस खाली.’’ मी बसलो. प्रश्न काही बसला नाही.

मूळ संख्यांना अंत नाही, हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध केले. पण माणसाला माहीत असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या मात्र असते, आणि तिची कथा बोधप्रद आहे. दोनाचे कोणते घात घेऊन एक वजा केला की मूळ संख्या मिळते, याची यादी मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली दिली. तीत ६७ वा घात होता, १२७ वाही होता. सिद्धता मात्र दोहोंचीही नव्हती.

१८७६ साली एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने दोन्ही तपासले. ६७ चा दावा खोटा ठरला, १२७ चा खरा. ही दुसरी संख्या ३९ आकडी आहे: १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. तिच्या वर्गमुळापर्यंतच्या प्रत्येक संख्येने भागून पाहायचे, तर सेकंदाला एक कोटी भागाकार करूनही चाळीस हजार वर्षे लागतील. ल्यूकाने भागत न बसता वेगळी रीत शोधली. लेमरने १९३० मध्ये सोपे केलेले तिचे रूप कोणालाही करून पाहता येते.

दोनाचा पाचवा घात वजा एक, म्हणजे ३१ घ्या. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. घातांकातून दोन वजा करून येते तितक्या वेळा, म्हणजे इथे तीनदा, हेच करा. आधी १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी शून्य. शून्य आले, की संख्या मूळ!

ल्यूकाचा विक्रम १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे टिकला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेली मूळ संख्या ४,१०,२४,३२० आकडी आहे. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले तेही याच रीतीने.

‘उपयोग काय?’ असे लोक विचारतात. संगणकावरील गुप्त व्यवहारांना काही शे आकडी मूळ संख्या पुरतात. ही अगडबंब संख्या तिथे कामाची नाही, हे सरळ मान्य करावे. माझा मुद्दा वेगळा आहे. १२७ बाबत मेर्सेनचे उत्तर बरोबर होते. पण ते त्याला ‘माहीत’ होते, असे मी म्हणणार नाही. ६७ बाबतही त्याला तितकीच खात्री वाटली होती. आपण मुलांकडून नेमके असेच ज्ञान घोटून घेतो. उत्तर बरोबर, गुण पूर्ण. ‘कशावरून?’ विचारणारा मात्र खाली बसतो.

आज रविवार आहे. घरातल्या मुलाला ३१ चा हिशेब करायला द्या. ‘‘बाकी शून्य म्हणजे संख्या मूळ, हे तरी कशावरून?’’ असे त्याने विचारलेच, तर कृपा करून त्याला खाली बसवू नका.